मॉडिफाय केलेली जुनी झेन विकायचीय? आधी इंजिन नंबर घासून बघा

वाकडहून आलेला मुलगा गाडीवर पार फिदा झाला होता. दोनदा दारं उघडून-लावून झाली, एक्झॉस्टचा आवाज मित्राला फोनवर ऐकवून झाला, पाच हजार टोकनही देऊन झालं. मग त्याच्यासोबत आलेल्या मिस्त्रीने खिशातून तारेचा ब्रश काढला. बोनेटखाली वाकून गिअरबॉक्सच्या जोडाजवळ ब्लॉकची कड घासली, मोबाइलचा उजेड पाडला आणि मागे न बघताच म्हणाला, "दादा, आरसी द्या जरा."

आरसीवरचा नंबर 'जी-टेन'ने सुरू होत होता, ब्लॉकवरचा 'जी-थर्टीन'ने. मिस्त्री काही बोलला नाही, नुसतं बोनेट हळूच लावलं. टोकन मी त्याच संध्याकाळी परत केलं.

गाडी म्हणजे मारुती झेन, नोंदणी ऑक्टोबर १९९६, एमएच-१२. नाव मारुतीचं असलं तरी हाडाची जपानी. सुझुकीच्या जपानमधल्या सर्व्हो मोडवरून बेतलेली, आणि इथे बनलेल्या झेन युरोपात सुझुकी अल्टो म्हणून जायच्या. मूळ इंजिन ९९३ सीसी, अख्खं ॲल्युमिनियमचं, ५० बीएचपी, कार्ब्युरेटरवालं. मी त्यात मारुतीच्याच एस्टीम गाडीचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं, ८५ बीएचपीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारून देणारं) इंजिन बसवलं होतं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या 'जी' मालिकेतली, त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी पोरांनी हा उद्योग केलाय. साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी आणि ८५ घोडे. कात्रजच्या जुन्या घाटात काय मजा येत असेल ते सांगायला नको.

विकायला काढल्यावर कळलं की आपल्याकडे एक नाही, दोन गाड्या आहेत. एक पार्किंगमध्ये उभी असते, दुसरी कागदावर. त्या दोघींमध्ये जितकं अंतर, तितका भाव खाली. मला कोथरूडहून ही गाडी विकायला सात महिने लागले. त्यातले पाच महिने हे अंतर कमी करण्यात गेले.

आधी 'विंटेज' हा शब्द खोडा

जाहिरातीत 'विंटेज' लिहायचा मोह होतो. केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, त्यानुसार विंटेज गाडी म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. म्हणजे तुमची झेन, पहिल्या पिढीची ८०० किंवा आणखी कुठली जुनी जपानी हॅचबॅक दोन्ही अटींवर नापास. १९८३ च्या डिसेंबरात आलेली पहिली मारुती ८०० सुद्धा अजून त्या वयाची नाही. त्या नोंदणीची सवलत मिळेल असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. जाहिरातीत 'जुनी, मॉडिफाय केलेली' एवढंच लिहा. जाणकार गिऱ्हाइकाला त्यातच सगळं कळतं.

वही घ्या, दोन रकाने करा

डावीकडे आरसीवर जे छापलंय ते: चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, रंग, आसनसंख्या. उजवीकडे गाडीवर प्रत्यक्ष जे आहे ते. हे स्वतः करा, आठवणीवर विसंबू नका. झेनचा चेसिस नंबर बोनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात. हीच ती 'चेसिस प्रिंट', पुढे फॉर्मवर लागणारच आहे, तर दोन-चार काढूनच ठेवा. मी काढायला गेलो तेव्हा एक आकडा रंगाखाली बुजला होता. रंगकाम करणाऱ्याने मास्किंग न करताच स्प्रे मारला होता. थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास बसलो. इथे पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. घासलेला चेसिस नंबर बघितला की समोरच्याच्या मनात चोरीची गाडी येते.

माझ्या वहीत तीन ठिकाणी फरक निघाला: इंजिन नंबर, सीसी आणि रंग. आरसीवर पांढरा, गाडी बाटली-हिरवी. शिवाय सायलेन्सर, स्प्रिंग, चौदा इंची ॲलॉय, बकेट सीट, फायबरचा बंपर. हे आरसीवर नसतं, पण रस्त्यावर दिसतं आणि ऐकू येतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय असे बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे भीती घालायला सांगत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने हे सगळं वाचलेलं असतं आणि भाव पाडताना तो नेमकं हेच काढतो.

इंजिनाचं काय करायचं

माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, बदललेल्या इंजिनाची आरसीवर नोंद करून घेणं. इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्याच प्रकारचं इंजिन, पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागद असतील तर हे काम होतं. माझ्याकडे बिल होतं, पण इंजिन मोठ्या सीसीचं, आणि १४ दिवस उलटून नऊ वर्षं झालेली. एका एजंटने "करून देतो, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणत आकडा सांगितला. कसं करणार, हे मात्र तीनदा विचारूनही सांगेना. अशा कामाची नोंद उद्या खोटी निघाली तर आरसीवर नाव तुमचं असतं, एजंटचं नव्हे.

दुसरी वाट म्हणजे नोंदणी रद्द करून गाडी फक्त ट्रॅकसाठी विकणं. म्हणजे गाडी ट्रेलरवरून जाणार, रस्त्यावर कधीच उतरणार नाही. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर गाडी पळवणारं गिऱ्हाईक ओळखीत असेल तर जरूर करा. माझ्या ओळखीत नव्हतं.

तिसरी वाट, मूळ इंजिन परत बसवणं. ती जमली, कारण मूळ इंजिन मी टाकलं नव्हतं. ताडपत्रीत गुंडाळून चुलतभावाच्या शेडमध्ये पडलं होतं, प्लगच्या भोकांतून तेल सोडून. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मूळ इंजिन आणि मूळ पार्ट भंगारात देऊ नका.

काम सोपं वाटलं होतं, निघालं नाही. माउंटिंग जुळले, पण वायरिंगने रडवलं. एमपीएफआय बसवताना कुणीतरी कार्ब्युरेटरची जुनी वायरिंग मधोमध कापून टोकांना काळी टेप गुंडाळून ठेवली होती. कुठली वायर कुठे जाते याची एक चिठ्ठीसुद्धा नाही. टाकीतला विजेवरचा पंप काढून जुना पंप जोडायचा, परतीची नळी बघायची, चोकची केबल शोधायची. फिटरचे साडेतीन दिवस आणि २२,००० रुपये गेले. पण पहिल्याच सकाळी चोक ओढून गाडी सुरू झाली, आणि ब्लॉकवरचा नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला.

मोठं इंजिन वेगळं विकलं. तळेगावच्या एका गृहस्थांच्या एस्टीमचं इंजिन निकामी झालं होतं, त्यांनी ३८,००० ला घेतलं. मी बिलाची प्रत आणि सही केलेली विक्रीपावती दिली. त्यांनी १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवलं. माझ्यापेक्षा शहाणा माणूस.

आरसीची तब्येत

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आपण त्याला री-पासिंग म्हणतो. १९९६ ची गाडी २०११, २०१६, २०२१ अशी पास होत आली आणि पुढचं पासिंग ऑक्टोबर २०२६ ला. गिऱ्हाईक हे पहिल्याच फोनवर विचारतं, कारण ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालंय. इम्पोर्ट केलेल्या गाडीला तेच ८०,०००. त्यात पर्यावरण कर वेगळा. मुदत संपत आली असेल तर आधी पासिंग करून मग विका. 'पासिंग तुम्ही करून घ्या' म्हटलं की समोरचा शुल्काच्या तिप्पट भाव पाडतो.

जुन्या गाड्यांची आणखी एक भानगड असते. कागदी पुस्तकावरची नोंद 'वाहन' पोर्टलवर चढलेलीच नसते, किंवा चढताना आठचा बी झालेला असतो. आपला नंबर तिथे टाकून बघा. नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून घ्यावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. मोबाइल नंबरही तपासा. माझ्या नोंदीत बाबांचा बारा वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर होता, आणि ओटीपी त्यावर जात होता.

मग उच्च सुरक्षा नंबरप्लेट. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि ती नसेल तर नावबदल अडतो. हौशी फॉन्टातली जुनी प्लेट आठवण म्हणून भिंतीवर लावा. पीयूसी चालू हवी, निदान थर्ड पार्टी विमा हवा, ई-चलन शून्यावर हवं. कधीकाळी कर्ज असेल तर फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला हवा. रंगबदलाची नोंद मी अर्ज करून घेतली. एवढं मोठं काम नव्हतं, उगाच इतकी वर्षं अंगावर काढलं.

आणि सायलेन्सर. पुणे-पिंपरीत मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ते बुलेटचे होते म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या आवाजाचा फ्री-फ्लो काढला, मूळचा लावला.

माळ्यावरचा खजिना

मूळचा सायलेन्सर आला कुठून? माळ्यावरून. "अरे, ती लोखंडं काढ एकदाची, दिवाळीचे डबे ठेवायला जागा नाही," हे आईचं दरवर्षीचं वाक्य. तेरा इंची लोखंडी रिम, मूळ स्टिअरिंग, एअर फिल्टरचा डबा, पुढच्या सीटा, मागचं पार्सल ट्रे, सगळं तिथे होतं.

आता ठरवायचं, की मॉडिफाय केलेले पार्ट गाडीसोबत द्यायचे का सुटे विकायचे. माझा अनुभव असा की गाडी मुळाच्या जितकी जवळ, तितकी लवकर विकली जाते, आणि महागडे पार्ट सुटेच जास्त पैसे देतात. ॲलॉय, बकेट सीट, मीटर यांना गिऱ्हाईक असतं. लोअरिंग स्प्रिंगना फारसं नसतं. कुणाच्याच गाडीला न बसणारा, हाताने बनवलेला फायबर बंपर कुणी फुकट नेईना. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी नेला, तर तिथल्या काकांनी उलटसुलट करून विचारलं, "हे काय, टबाचं झाकण का?"

भाव

हौसेला मोल नाही म्हणतात. विकताना ते शब्दशः खरं ठरतं. माझ्या पावत्यांची बेरीज चार लाख साठ हजार झाली, आणि तो कागद मी गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही असं ठरवलं. 'मी एवढे घातले' हे ऐकून कुणी पैसे देत नाही. उलट समोरच्याला वाटतं, गाडीत एवढं काय बिघडलं होतं?

भाव असा काढा: त्याच वर्षांच्या, चालू पासिंगच्या, चांगल्या मूळ अवस्थेतल्या गाड्या काय भावाने मागितल्या जातायत ते महिनाभर बघा. सांगितलेला भाव आणि खरा सौदा यात फरक असतो, म्हणून जाहिरात गायब झाली की त्या माणसाला फोन करून सरळ विचारा. बहुतेक जण सांगतात. त्या आकड्यात नवे टायर, ताजं पासिंग, गंज नसणं यांचे थोडे मिळवा. जे काम उलटं करायला खर्च येईल, ते वजा करा. मी १,६०,००० सांगितले, १,४०,००० ला दिली.

दोष तुम्हीच दाखवा

चांगल्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. माझे आकडे आले १२.५, १२.५, १२ आणि १२.५ किलो. आकडा किती मोठा यापेक्षा चारही एकमेकांजवळ आहेत का हे जास्त महत्त्वाचं. गेज लावलेलाच व्हिडिओ काढून ठेवा, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कुणाचा भरवसा नसतो.

गंज बॅटरीच्या ट्रेखाली, मॅटखालच्या पत्र्यावर, मागच्या चाकांच्या कमानीत आणि डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला बघा. छोटं चुंबक फिरवा. जिथे ते घसरून पडतं तिथे पुट्टी आहे. माझ्या उजव्या मागच्या कमानीत होती, तळहाताएवढी. त्या जागेचा फोटो रुपयाचं नाणं ठेवून काढला आणि जाहिरातीत पहिल्या पाचांत टाकला. मित्र म्हणाला, वेडा आहेस. पण त्या फोटोमुळे घासाघीस करायला आलेला प्रत्येक जण त्या पुट्टीपाशीच थांबला, नवीन दोष शोधत बसला नाही. पुण्यातली गाडी कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीपेक्षा कमी गंजते, हे मात्र ठासून सांगा.

जाहिरात आणि फोन

माझी जाहिरात अशी होती:

"मारुती झेन, ऑक्टोबर १९९६, एमएच-१२, पासिंग ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मूळ ९९३ सीसी इंजिन, नंबर आरसीशी जुळतो, प्रत्यक्ष तपासा. रंग बदललेला, आरसीवर नोंद आहे. स्प्रिंग लोअर केलेल्या, मूळ स्प्रिंग सोबत मिळतील. उजव्या मागच्या कमानीत पुट्टी, फोटो बघा. मध्यंतरी या गाडीत दुसरं इंजिन होतं, ते काढलं आहे, बिलं दाखवीन. एसी चालतो, पण मे महिन्यात भरवसा नाही."

शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त फोन आले.

"फायनल किती?" ने सुरू होणाऱ्या फोनवर भाव बोलू नका, "गाडी बघा, मग बोलू" एवढंच. आपण लष्करात आहोत, बदली झालीय, गाडी न बघताच पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

गाडी दाखवायची ती थंड असताना. आधीच सुरू करून ठेवली की जाणकाराला बोनेटला हात लावताच कळतं. टेस्ट ड्राइव्हला आधी परवान्याचा फोटो घ्या, जाताना तुम्ही चालवा, परत येताना त्याला द्या. मी सकाळी सातला चांदणी चौकातून बावधन-पाषाण असा फेरा मारायचो. थोडा चढ, थोडा मोकळा रस्ता आणि लोअर केलेल्या गाडीची परीक्षा घेणारे स्पीडब्रेकर. संध्याकाळी कर्वे रोडवर नेलीत तर गिऱ्हाइकाला फक्त क्लच समजेल.

पैसे आणि ताबा

कोल्हापूरहून वडील-मुलगा आले. वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "काका, तुम्ही ही का विकताय? खरं कारण सांगा." मी खरं सांगितलं: आई आता गाडीच्या इतक्या खालच्या सीटवरून उठू शकत नाही. सौदा तिथेच झाला.

पैसे बँकेतून घ्या आणि खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या, मेसेज दाखवल्यावर नाही. डिमांड ड्राफ्ट असेल तर त्याच्याच बँकेत जाऊन खात्री करा. दोन लाख किंवा त्यावरची रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, पण त्याखालीही रोख टाळलेली बरी.

नावबदलाला फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० घेणाऱ्याचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी काढा. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका, घेणारा कितीही सज्जन दिसला तरी. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. म्हणून अर्ज ऑनलाइन भरून दोघांचे ओटीपी माझ्यासमोर टाकले, पावती घेतली, मगच गाडी बाहेर काढली.

ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, मीटरचं वाचनही. आमच्या पावतीवर 'सकाळी ११.४०' आहे. त्यानंतरचं प्रत्येक चलन त्यांचं. विमा कंपनीला कळवा. पूर्ण विमा असेल तर नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतं.

सगळं केलं, फास्टॅग बंद करायचा विसरलो. ते काचेवरून खरवडून काढायचं आणि बँकेला सांगून खातं बंद करायचं असतं. दुपारी सव्वा बाराला मेसेज आला, खेड शिवापूर. मग आनेवाडी. मी जेवायला बसलो तेव्हा तासवडे. आईने विचारलं, "कोणाचे मेसेज सारखे?" म्हटलं, झेनचे. किणीचा आला तेव्हा चार वाजत आले होते, म्हणजे वाटेत कुठेतरी चहाला थांबले असणार. वडिलांना फोन करून टोलचे पैसे नकोत म्हणून सांगितलं आणि बँकेचा नंबर लावला.